सीएसआयमधला व्हॅम्पायर-वेअरवुल्फचा एपिसोड: एका फॉरेन्सिकवाल्याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सीएसआय या अमेरिकन गुन्हे-तपास मालिकेचा 'ब्लड मून' हा जुना एपिसोड बघितला, लास वेगासमध्ये व्हॅम्पायर (रक्त पिणारी भुतं) आणि वेअरवुल्फ (लांडगा होणारी माणसं) वाल्यांचं कन्व्हेन्शन भरलंय आणि तिथे मुंडकं छाटलेली बॉडी सापडते. तर अशी माणसं खरंच असतात का, रक्त पितात का, हे सगळं पॉर्फिरिया नावाच्या आजारातून (यात रक्तातलं हीम हे द्रव्य शरीरात नीट बनत नाही) आलंय असं वाचलं ते खरं का, तपास असाच होतो का, आणि तुमची पुतणी अमेरिकेत शिकायला आहे ती नकली सुळे लावून अशा कार्यक्रमांना जाते तर काळजी करायची का. मी सरकारी मेडिकल कॉलेजात फॉरेन्सिक मेडिसिन शिकवतो, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम करतो, कोर्टात साक्षी देतो, बरीच वर्षं झाली त्याला. हे एपिसोड आमचे विद्यार्थी पण बघतात आणि हेच प्रश्न मला वर्गातही येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो. एपिसोडमधले कपडे, सुळे, डोळ्यातल्या रंगीत लेन्स, हे सगळं बऱ्यापैकी बरोबर असतं कारण त्यांच्याकडे मेकअपवाले चांगले आहेत. चुकतं ते संशयाचं गणित. जो विचित्र दिसतो त्याच्याकडे कॅमेरा पहिला जातो, मग शेवटी खुनी भलताच निघाला तरी चाळीस मिनिटं आपण त्या विचित्र दिसणाऱ्यांकडेच बघत बसलेलो असतो. आणि माझ्या कामात नेमकं हेच करायचं नसतं. बॉडी काय सांगते ते आधी लिहायचं, माणूस कोण होता, कुठल्या ग्रुपमधला होता, हे नंतर.

'ब्लड मून' अकराव्या सीझनचा, ७ ऑक्टोबर २०१० ला दाखवला गेला. तेव्हा व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या प्रेमकथांची मोठी लाट होती, त्यामुळे टीव्हीवाल्यांनी तो विषय उचलला यात आश्चर्य नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'कासल' या मालिकेनेही न्यूयॉर्कच्या व्हॅम्पायर ग्रुपवर एपिसोड केला होता, स्मशानात छातीत लाकडी खुंटी ठोकलेला तरुण सापडतो तो. आणि सीएसआयचं तर हे जुनंच, २००३ मध्ये त्यांनी प्राण्यांचे पोशाख घालणाऱ्या फरी लोकांवर एपिसोड केला होता, तो बघून ती मंडळी भयंकर चिडली होती कारण त्यांच्या छंदाला सरसकट लैंगिक विकृतीचा रंग दिला होता.

आता खरी माणसं. टीव्हीवर एका हॉलमध्ये जी गर्दी दाखवतात ना, त्यात प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळी माणसं मिसळलेली असतात. पहिले म्हणजे खेळणारे. १९९१ मध्ये 'व्हॅम्पायर: द मास्करेड' नावाचा रोल-प्लेइंग गेम आला, पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा वेअरवुल्फवरचा गेम आला, अमेरिकेतली कॉलेजची पोरं रात्रीच्या रात्री पात्रं घेऊन हे खेळायची, काही ठिकाणी तर पोशाख करून प्रत्यक्ष वावरत खेळायची. व्हॅम्पायर विरुद्ध वेअरवुल्फ अशी जी पिढीजात दुश्मनी आपल्याला आता अगदी प्राचीन वाटते ती बरीचशी या गेम्समधून आणि नंतरच्या सिनेमांतून पसरली. बाल्कनमधल्या जुन्या समजुतीत तर दोघं वैरी नव्हतेच, जिवंतपणी लांडगा होणारा माणूस मेल्यावर व्हॅम्पायर होतो असं तिकडची गावं मानायची.

दुसरे नुसते फॅशनवाले, गॉथ नावाचं उदास, गूढ ढंगाचं संगीत, काळे कपडे, बॉल म्हणजे नाचाच्या मोठ्या पार्ट्यांना जाणारे. न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्समध्ये असे मोठे व्हॅम्पायर बॉल होतात, लोक दुसऱ्या देशांतून येतात, दाताचा साचा घेऊन ॲक्रिलिकचे सुळे बनवून देणारे कारागीर तिथे असतात. यांच्यातले बहुतेक रक्ताच्या वाटेला कधी जात नाहीत.

तिसरे जे खरोखर म्हणतात की आम्हाला रक्ताची गरज लागते, किंवा दुसऱ्याच्या ऊर्जेची. यांची संख्या कमी आहे आणि ते सहसा टीव्हीसारखे सजत नाहीत. न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन एडगर ब्राउनिंग नावाच्या अभ्यासकाने या लोकांमध्ये बराच काळ घालवला, आणि त्याला भेटली ती नोकरी करणारी, संसारी, अगदी साधी माणसं. थकवा येतो, अंगात त्राण राहत नाही, थोडं रक्त घेतलं की बरं वाटतं असं त्यांचं म्हणणं. तिथली त्यांची एक संघटना सणासुदीला बेघर लोकांना जेवण देते. रक्त घेण्याची पद्धतही गळ्याला चावा वगैरे अजिबात नाही, ओळखीचा डोनर, त्याची संमती, दोघांच्या रक्ताच्या तपासण्या, निर्जंतुक ब्लेडने किंवा लॅन्सेटने छोटा छेद, आणि अगदी थोडं, चमचाभर किंवा त्याहून कमी रक्त. आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीच्या डी. जे. विल्यम्सने अशा ११ जणांशी बोलून अभ्यास केला, त्यातला मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे: ही माणसं डॉक्टरला, समुपदेशकाला हे सांगायला घाबरतात, कारण आपल्याला वेडं किंवा धोकादायक ठरवतील, मुलं काढून घेतील असं त्यांना वाटतं. सांगितलंच नाही तर त्यांच्या थकव्याचं खरं कारण कुणी शोधणार कसं, थायरॉइड असेल, ॲनिमिया असेल, डिप्रेशन असेल.

आणि वेअरवुल्फवाले. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, १९९० च्या दशकात, यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-व्यवस्थेवर वेअरवुल्फच्या गोष्टींचा एक चर्चागट होता, तिथे गप्पा मारता मारता काही लोक म्हणायला लागले की आम्ही आतून खरंच लांडगा आहोत. त्यातून थेरियन नावाचा समुदाय तयार झाला. यांचं म्हणणं शरीर बदलतं असं नसतं, पौर्णिमेला केस वाढत नाहीत हे त्यांना व्यवस्थित माहीत असतं, ही त्यांची आतली ओळख आहे असं ते मानतात. बहुतेकांची तक्रार एवढीच की आम्हाला समजून घ्या. एपिसोडमध्ये या सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबून एकमेकांवर सोडलं जातं.

इथे मानसोपचाराचा एक फरक नीट लक्षात घ्या. क्लिनिकल लायकॅन्थ्रॉपी नावाचा एक दुर्मिळ भ्रम असतो, त्यात रुग्णाला खरोखर वाटतं की आपला लांडगा किंवा दुसरा प्राणी झालाय किंवा होतोय, तो आरशात नखं वाढलेली बघतो, गुरगुरतो, चार पायांवर चालतो. अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अशा १२ रुग्णांवर पेपर लिहिला होता, त्यातल्यांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिप्रेशनमधला सायकोसिस असे मूळ आजार होते, आणि मूळ आजारावर उपचार केले की हा भ्रमही बऱ्याच जणांचा उतरतो. लांडग्याची शेपटी लावून कार्यक्रमाला जाणारी मुलगी आणि हा रुग्ण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तसंच 'रेनफिल्ड सिंड्रोम' म्हणून रक्त पिण्याच्या मानसिक आजाराचं नाव टीव्हीवर फार ऐकू येतं, ते १९९२ मध्ये रिचर्ड नोल या मानसशास्त्रज्ञाने आजारांना नवनवी नावं देण्याच्या पद्धतीची टिंगल म्हणून लिहिलं होतं, मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात तो आजार नाहीच. पण मालिकांनी ते गंभीरपणे उचललं आणि आता लोक मलाच ते रोगनिदान म्हणून सांगतात.

खरे खून झालेच नाहीत का, तर झाले. १९९६ मध्ये केंटकीतल्या मरे गावच्या रॉड फेरेल या १६ वर्षांच्या मुलाने, जो स्वतःला शेकडो वर्षं जुना व्हॅम्पायर म्हणवायचा, फ्लोरिडातल्या युस्टिसमध्ये आपल्या ग्रुपमधल्या मुलीच्या आईवडिलांना मारलं. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, ती नंतर जन्मठेपेत बदलली. त्या खटल्यानंतर अमेरिकेत रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या पोरांकडे पालक भलत्याच संशयाने बघायला लागले. पण बॉडीवर काय होतं, तर लोखंडी पहारीचे घाव. मारण्याची पद्धत व्हॅम्पायरची वगैरे नव्हती, एका हिंसक, घरात खूप काही सोसलेल्या पोराने हाताला लागलेल्या हत्याराने केलेला खून. दुसरा रिचर्ड चेस, सॅक्रामेंटो, १९७७-७८. त्याने खरंच रक्त प्यायलं, पण तो कुठल्याही ग्रुपमध्ये नव्हता, त्याला स्किझोफ्रेनिया होता आणि आपलं रक्त आटून पावडर होतंय असा पक्का भ्रम होता. कन्व्हेन्शनला जाऊन तो सापडला नसता, त्याच्या मानसोपचाराचा पाठपुरावा झाला असता तर कदाचित काही जीव वाचले असते.

आता टेबलावरचं बोलू, माझा खरा विषय.

समजा अशी बॉडी माझ्याकडे आली, मानेवर दोन भोकं आणि पोलीस सांगतायत साहेब सगळं रक्त पिऊन टाकलंय. पहिली गोष्ट मी बघणार ती लिव्हिडिटी. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला उतरतं आणि तिथली कातडी जांभळट होते. खरंच खूप रक्त गेलं असेल तर हा डाग फिका पडतो किंवा जवळजवळ दिसतच नाही, आतले अवयव पांढुरके दिसतात. डाग नेहमीसारखा गडद असेल तर रक्त अंगातच आहे, गोष्ट तिथेच संपली. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं ४० टक्क्यांच्या वर झपाट्याने गेलं तर माणूस वाचणं कठीण, म्हणजे दोन लिटर तरी जायला हवं. माणसाचे सुळे कातडीत आणि स्नायूत काही मिलिमीटर जातील, कॅरॉटिड ही मानेतली मोठी धमनी त्याच्या खाली स्नायूच्या आड आणि स्वतःच्या जाड आवरणात असते. आणि ती फुटलीच तर रक्त भिंतीवर, छतावर उडतं, दाबाने, ठोक्याठोक्याला. कुणी तोंड लावून शांतपणे पिऊ शकत नाही. शिवाय रक्त पोटात जास्त गेलं की मळमळतं, उलटी होते, लोह जास्त असतं त्यात, नाकातून रक्त येऊन ते गिळलेल्या पेशंटला विचारा. त्यामुळे दोन लिटर रक्त प्यायलेला संशयित असेल तर तो आधी ओकलेला सापडला पाहिजे आणि पुढचे दिवस त्याला काळी शौच झाली पाहिजे.

चाव्याची खूण असेल तर बॉडी धुवायच्या आधी लाळेचा स्वॅब घ्यायचा, एक ओला आणि त्यावर एक कोरडा, मग स्केल ठेवून सरळ वरून फोटो. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो कारण मॉर्च्युरीत बॉडी आली की कुणीतरी पाणी मारून मोकळा होतो आणि सगळ्यात मौल्यवान पुरावा नाल्यात जातो. टीव्हीवर ही खूण आणि संशयिताच्या दाताचा साचा कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवतात आणि हिरवा दिवा लागतो. हे मला फार खटकतं. कातडी ताणते, सुजते, वळते, त्यावर उमटलेला दात जसाच्या तसा राहत नाही. ॲरिझोनात रे क्रोन नावाच्या माणसाला १९९२ मध्ये मुख्यतः चाव्याच्या खुणेवरून खुनात दोषी ठरवलं, फाशी सुनावली, दहा वर्षं तुरुंगात काढल्यावर २००२ मध्ये डीएनएने तो निर्दोष निघाला आणि खरा गुन्हेगार दुसराच सापडला. २००९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी साफ लिहिलंय की चाव्यावरून एका विशिष्ट माणसाची ओळख पटवण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. आपल्याकडे २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणात चाव्यांचं विश्लेषण पुराव्यात होतं, पण तिथे डीएनए, जबाब, सीसीटीव्ही असं बाकी पुष्कळ होतं. चाव्याची खरी किंमत लाळेत आहे. आता विचार करा, ज्या हॉलमध्ये शंभर जणांनी सुळे लावलेत तिथे चाव्याच्या आकारावरून माणूस ओळखायचा म्हणजे किती मोठा धोका, आणि ते सुळे काढून खिशात टाकता येतात हे वेगळंच.

केसांचं मात्र टीव्हीवर बरं दाखवतात. बॉडीवर लांडग्यासारखे केस सापडले तर मायक्रोस्कोपखाली थोड्या वेळात कळतं. केसाच्या मध्यभागी जी नळी असते, मेड्युला, ती माणसात बारीक असते, केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी, प्राण्यात अर्ध्यापेक्षा जास्त रुंद. वरचे खवलेही वेगळे. आणि पोशाखाचा नकली फर असेल तर तो प्लास्टिकचा धागा, त्याला मेड्युलाच नसते, तापवला की वितळतो. रक्ताचंही तसंच, आधी प्राथमिक टेस्ट, मग ते माणसाचं आहे का याची वेगळी टेस्ट, ही दुसरी पद्धत जर्मनीत १९०१ पासून आहे. कन्व्हेन्शनमध्ये नाटकाचं नकली रक्त बादलीभर असणार, त्यामुळे जे लाल दिसतंय ते रक्त समजायचं नाही हा पहिला नियम. तसंच मुंडकं छाटलेल्या बॉडीत मला सगळ्यात आधी हे बघायचं असतं की छाटताना माणूस जिवंत होता का. जखमेच्या कडांत रक्त मुरलंय का, श्वासनळीत रक्त ओढलं गेलंय का. बऱ्याच वेळा मृत्यू आधीच दुसऱ्या कारणाने झालेला असतो आणि मुंडकं ओळख लपवायला किंवा प्रेत हलवायला सोपं जावं म्हणून कापलेलं असतं. मणक्यावरच्या खुणांवरून कोयता होता, करवत होती की सुरी हे बरंचसं सांगता येतं. एवढं झाल्यावर मग पंथ, समजुती, चंद्रग्रहण यांच्याकडे वळता येईल.

वेळेबद्दल दोन ओळी. सीएसआयमध्ये एकच माणूस घटनास्थळी जातो, लॅबमध्ये बसतो, संशयिताची चौकशी करतो, गाडीही चालवतो. कुठेच असं नसतं. आपल्याकडे पंचनामा पोलिसांचा, पीएम आमचं, नमुने सील करून एफएसएलला, म्हणजे सरकारी फॉरेन्सिक लॅबला, मुंबईत कलिनाला किंवा विभागीय लॅबला, आणि डीएनए रिपोर्टची वाट बघणं हा वेगळाच धडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यामध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक टीमने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायची तरतूद आहे, ती पूर्ण अमलात आली तर फार चांगलं होईल.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही पण मला सांगायलाच हवं ते. व्हॅम्पायरची कथा युरोपात पसरली ती मुळात बॉडी चुकीची वाचल्यामुळे. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला, नंतर आठ दिवसांत नऊ जण गेले, गावाने कबर उकरली तर बॉडी फुगलेली, तोंडात रक्त, नवीन कातडी आलेली. त्यांनी खुंटी ठोकली. मग मेद्वेजा गावात अर्नोल्ड पाओलेच्या नावाने असंच झालं, तीन महिन्यांत १७ माणसं गेली तेव्हा ऑस्ट्रियन सैन्याचे सर्जन पाठवले गेले आणि त्यांनी जानेवारी १७३२ मध्ये सविस्तर लेखी रिपोर्ट दिला. मी तो वाचलाय, भाषांतरात. आणि मला त्या सर्जननी केलेल्या नोंदींचा आदर वाटतो, कारण त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलंय, अर्थ मात्र गावाचा घेतला. आयुष्यभर हडकुळी असलेली एक म्हातारी कबरीत गुबगुबीत दिसते, अशी नोंद आहे. आतड्यातले वायू. जुनी कातडी आणि नखं गळून खाली ताजी दिसतात. वरचा थर सुटतो, खालचा लालसर ओला दिसतो. छातीत पातळ रक्त. मेल्यावर रक्त पुष्कळदा गोठत नाही, किंवा गोठून पुन्हा पातळ होतं. खुंटी ठोकल्यावर प्रेत कण्हलं. छातीतली हवा स्वरयंत्रातून बाहेर पडली. हे मी मॉर्च्युरीत स्वतः ऐकलंय, पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी दोन पावलं मागे सरकतोच.

आणि तोंडातलं रक्त. याला आम्ही पर्ज फ्लुइड म्हणतो, फुप्फुसातला कुजलेला तांबडा द्रव वायूच्या दाबाने नाकातोंडातून बाहेर येतो. आपल्या उन्हाळ्यात तर एक-दोन दिवसांतच दिसतो. आजही महाराष्ट्रातल्या मॉर्च्युरीबाहेर नातेवाईक मला विचारतात, डॉक्टर तोंडातून रक्त आलंय, म्हणजे विष घातलं ना, कुणी करणी केली ना, आणि काही वेळा तर ज्या बाईवर संशय आहे तिचं नावही त्यांच्या ओठावर असतं. तेव्हा मी पाच मिनिटं थांबून समजावतो, कारण त्या पाच मिनिटांवर एखाद्या म्हातारीचं गावात राहणं अवलंबून असू शकतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे, पण तो गुन्हा घडल्यावर, त्याआधी समजावणं आपल्या हातात आहे.

थंडीचंही बघा. हवेत एका आठवड्यात जे कुजतं त्याला जमिनीत साधारण आठ आठवडे लागतात असा जुना ढोबळ नियम आहे. म्हणजे गारठ्यातल्या कबरीत महिन्याने बघितलेलं प्रेत 'ताजं' दिसणारच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एक्सेटरमध्ये मर्सी ब्राउन ही १९ वर्षांची मुलगी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली, मार्चमध्ये तिला बाहेर काढलं, तोवर ती जमिनीवरच्या थंड शवघरात होती त्यामुळे बॉडी चांगली टिकलेली. हजर असलेल्या डॉक्टरने फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत, हे सगळं नैसर्गिक आहे असं सांगितलं, तरी गावाने हृदय आणि यकृत जाळलं आणि राख तिच्या आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच शोधला होता, म्हणजे दहा वर्षं झाली होती. आणि १७५५ मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचे डॉक्टर व्हान स्वीटन यांनी थंडी आणि हवेचा अभाव ही कारणं देऊन रिपोर्ट लिहिला होता आणि राणीने प्रेतं उकरण्यावर बंदी घातली होती. माझ्या शाखेतला हा माझा सगळ्यात आवडता रिपोर्ट आहे. सीएसआयवाल्यांनी यावर एक एपिसोड करायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

पॉर्फिरियाचं. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की व्हॅम्पायर म्हणजे पॉर्फिरियाचे रुग्ण असावेत, ऊन सोसत नाही, हिरड्या आक्रसून दात लांब दिसतात, आणि शरीरात हीम कमी म्हणून रक्त पीत असावेत. पेपरांनी ते उचललं आणि मग मालिकांनी. पण प्यायलेल्या रक्तातलं हीम पोटात पचून जातं, तसंच्या तसं यकृताला पोचत नाही. काही प्रकारच्या पॉर्फिरियात हीम औषध म्हणून देतात हे खरं, पण ते शिरेतून. रुग्णांना रक्ताची तहान लागत नाही. आणि लोककथेतला व्हॅम्पायर उन्हाने मरत नव्हताच, ते १९२२ च्या एका जर्मन मूकपटापासून रूढ झालं. ज्या प्रकारात चेहरा, बोटं उन्हाने झडतात तो अतिशय दुर्मिळ, जन्मजात आजार आहे, ती मुलं आधीच खूप सोसतात. त्यात अमेरिकेत त्या बातम्यांनंतर रुग्णांना लोक व्हॅम्पायर म्हणून चिडवायला लागले. म्हणून माझी कळकळीची विनंती, हा 'इंटरेस्टिंग फॅक्ट' पुढे पाठवू नका.

केसांच्या आजाराबद्दल सीएसआयला मी पूर्ण मार्क देतो. २००६ च्या जानेवारीत त्यांचा 'वेअरवुल्व्हज' एपिसोड आला होता, हायपरट्रायकोसिस म्हणजे अंगभर, चेहऱ्यावर दाट केस येण्याचा आजार झालेला माणूस चांदीच्या गोळीने मारलेला सापडतो, आणि घरात लपून राहिलेली त्याची बहीण, तिलाही तोच आजार. त्यात मालिकेचा मुख्य तपासनीस ग्रिसम तिच्याशी ज्या अदबीने बोलतो, नजर न चुकवता, ते मी विद्यार्थ्यांना दाखवतो. याच आजाराच्या, सोळाव्या शतकातल्या पेत्रुस गोन्साल्व्हुसला राजदरबारात नमुन्यासारखं ठेवलं, त्याच्या मुलांची चित्रं काढून भेट दिली. आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या अशा एका लहान मुलाच्या बातम्या परदेशी पेपरांनी लांडगा-मुलगा म्हणून छापल्या. या मुलांची बुद्धी, तब्येत बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असते, फक्त काही प्रकारांत दातांचे प्रश्न असतात, केस लेझरने कमी करता येतात पण पुन्हा येतात. त्यांना शाळेत जाता आलं पाहिजे, बाकी काही नको.

राहिला तुमच्या पुतणीचा प्रश्न. काळजी करण्यासारखं मला तरी यात काही दिसत नाही. सुळे दातांवर सुपरग्लूने चिकटवू नको म्हणावं, साचा घेऊन बनवलेले काढघाल करायचे घ्यावेत, ते लावून झोपू नये, आणि दात कायमचे घासून टोकदार करून घ्यायचा मोह झाला तर आधी डेंटिस्टला विचारावं, एनॅमल परत येत नाही. रंगीत लेन्स जत्रेतल्या स्टॉलवरून किंवा मैत्रिणीच्या वापरलेल्या घेऊ नयेत, बुब्बुळाला इन्फेक्शन झालं तर दृष्टी जाऊ शकते, आणि खरं सांगायचं तर या अख्ख्या प्रकारात मला सगळ्यात जास्त भीती लेन्सचीच वाटते. रक्ताच्या बाबतीत स्पष्ट बोला तिच्याशी, घाबरवून नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि टेस्ट निगेटिव्ह असली तरी नुकतंच झालेलं इन्फेक्शन त्यात दिसेलच असं नाही. हिपॅटायटिस बीची लस झालीये का एवढं नक्की विचारा, अमेरिकेत कॉलेजच्या हेल्थ सेंटरला सहज मिळते. आणि कधी कुणी तिच्याशी तसं काही केलंच असेल, किंवा तिने स्वतः, तर डॉक्टरला सगळं खरं सांगायचं, लवकर, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तिला ओरडा बसेल या भीतीने ती गप्प राहू नये एवढं घरच्यांनी बघा.